मालवेअर काढल्यानंतर उरलेलं सॉफ्टवेअर: एका आंबा व्यावसायिकाच्या कॉम्प्युटरचं प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातलं हे घर हापूसच्या बागेवर चालतं. माणसांची आणि गावाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कॉम्प्युटरवर जे घडलं ते तसंच ठेवलं आहे. काका बाग बघतात. मागणी, बिलं, कुरियरची नोंदणी आणि पेट्यांवरची लेबलं त्यांच्या सूनबाईंकडे, त्यांना मी वहिनी म्हणतो. कॉम्प्युटर घरामागच्या मांगरात, पेट्या भरतात तिथेच ठेवलेला: विंडोज १० प्रो, जुनी हार्ड डिस्क, त्यावर टॅली, यूएसबीचा थर्मल लेबल प्रिंटर, जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन, आणि फळांची वजनावरून प्रत लावायला इलेक्ट्रॉनिक काटा. काट्यावरचा आकडा थेट एक्सेलमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्राम जिल्ह्यातल्याच एका पोराने मागे कधीतरी लिहून दिलेला.

२०२५ चा एप्रिल. वाशीच्या मार्केटला पाठवायची घाई ओसरली होती आणि मुंबई-पुण्याच्या घरगुती गिऱ्हाइकांची मागणी सुरू झाली होती. अशात लेबल प्रिंटर अडला. वहिनींनी प्रिंटरचं नाव टाकून ड्रायव्हर (विंडोजला उपकरण चालवू देणारा प्रोग्राम) शोधला, सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं आणि उतरलेली फाइल चालवली. प्रिंटर सुरू झालाच नाही. उलट 'सगळे ड्रायव्हर अपडेट करणारं' एक सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर वेगवान करून देतो म्हणणारं दुसरं, आणि ब्राउझरमध्ये भलतंच सर्च पान येऊन बसलं.

तालुक्याच्या ठिकाणचा एक दुरुस्तीवाला आला. त्याने दोन स्कॅनर फिरवले, सापडलेलं सगळं क्वारंटाइनमध्ये, म्हणजे फाइली अलग ठेवायच्या जागेत, टाकलं आणि क्वारंटाइन रिकामा केला. तिथवर काम चोख होतं. पण जाता जाता त्याला दिसलं की, मशीनबरोबर आलेला आणि मुदत संपलेला एक अँटिव्हायरस अजून तिथेच आहे आणि तो अनइन्स्टॉल होत नाही. त्याने लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि 'प्रोग्राम फाइल्स'मधला त्या अँटिव्हायरसचा फोल्डर सरळ उडवला. विंडोज चालू असताना अँटिव्हायरस स्वतःचा फोल्डर पुसू देत नाही, म्हणून ही युक्ती. माझ्याकडे काम आलं ते यानंतर.

अडचण

तक्रारी पाच होत्या. रोज सकाळी मशीन सुरू झालं की 'रनडीएलएल'ची पाटी यायची: अमुक मॉड्यूल सापडलं नाही. वाय-फाय जोडलेलं दिसायचं, पण ब्राउझर प्रॉक्सीचं (इंटरनेटची वाहतूक वळवणाऱ्या मध्यस्थाचं) कारण सांगून पान उघडायचा नाही. त्याच वाय-फायवर मोबाइल मात्र व्यवस्थित चालायचा. क्रोमच्या मेन्यूत 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' अशी ओळ होती, आणि इथे संस्था म्हणजे काका, वहिनी आणि आंबे. प्रोग्रामांच्या यादीतून तो ड्रायव्हर अपडेटर हलत नव्हता. पाचवी गोष्ट कुणी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती: विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, बंद होता आणि सुरू होत नव्हता.

काकांचा प्रश्न एकच. "ता गेला मां? मगे रोज सकाळी ह्या काय येता?"

ती पाटी खरं तर मालवेअर गेल्याची खूण होती. विंडोज सुरू होताना अमुक फाइल चालव, अशी नोंद शिल्लक होती आणि ती फाइल स्कॅनरने नेली होती. बोलावणं चालू, येणारा कुणी नाही. प्रॉक्सीचंही तेच. त्या भलत्या सर्च पानासाठी सगळी वाहतूक १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे त्याच मशीनवर चालणाऱ्या एका छोट्या प्रोग्रामकडे वळवलेली होती. प्रोग्राम गेला, वळण राहिलं. ड्रायव्हर अपडेटरची नोंद यादीत होती, पण तिचा अनइन्स्टॉलर क्वारंटाइनबरोबर पुसला गेला होता.

म्हणजे पाचांतले तीन अवशेष मेलेले होते. दोन जिवंत होते: क्रोमवर 'संस्थे'च्या नावाने लादलेलं धोरण, म्हणजे नियम, आणि त्या अँटिव्हायरसचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या आत चालणारे त्याचे भाग. फोल्डर उडवला तरी त्याचे ड्रायव्हर गेले नव्हते, कारण ते 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये राहतच नाहीत. ते विंडोजच्या 'सिस्टम३२' मधल्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरात असतात आणि अँटिव्हायरसची खिडकी उघडायच्या कितीतरी आधी सुरू होतात. मेलेल्यावर काम करताना घाबरायचं कारण नसतं, आणि जिवंतावर घाई करायची नसते. बरेच जण दोन्हीकडे एकच झाडू फिरवतात.

पर्याय

पहिला पर्याय कुणालाही सुचेल तो: फॉर्मॅट मारून टाका. तांत्रिकदृष्ट्या तो सगळ्यात स्वच्छ, आणि पासवर्ड चोरणारं काही, रूटकिट (विंडोजच्या आत खोल लपणारं मालवेअर) किंवा फाइली कुलूपबंद करणारं काही सापडलं असतं तर दुसरा विचार केला नसता. पण एप्रिलच्या मध्यावर फॉर्मॅट म्हणजे टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करून मग पुन्हा चालू करणं, टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, आणि तो काट्याचा प्रोग्राम, ज्याची इन्स्टॉल करायची फाइल कुणाकडेच नव्हती. लिहिणारा पोरगा आता दुबईला. काकांनी स्वच्छ सांगितलं की पाडाचा आंबा कॉम्प्युटरसाठी थांबत नाही.

'रीसेट धिस पीसी' मध्ये फाइली राहतात, पण प्रोग्राम जातात. त्यामुळे अडचण तीच. मागच्या रीस्टोअर पॉइंटवर जाण्याचा विचार एका मिनिटात संपला. सिस्टम प्रोटेक्शन बंद होतं, पॉइंट नव्हताच. एखादं 'कोणतंही हट्टी सॉफ्टवेअर उपटून काढणारं' तयार सॉफ्टवेअर वापरावं, असं वहिनींच्या भावाने फोनवर सुचवलं. त्यातली काही चांगली आहेत. पण ती नावावरून अंदाज बांधून रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातल्या, नोंदी शोधतात, आणि ज्या मशीनवर एकमेव प्रत असलेला बिननावाचा प्रोग्राम आहे तिथे अंदाज महाग पडतो. रजिस्ट्री क्लीनर तर मी कुठेच चालवत नाही. मायक्रोसॉफ्टसुद्धा अशा क्लीनरना पाठिंबा देत नाही, आणि रजिस्ट्रीतल्या चार-दोन रिकाम्या नोंदी काढून मशीन वेगवान झालेलं मी पाहिलेलं नाही.

आहे तसं चालू द्यावं का? पाटी रोज बंद केली तर काही बिघडत नव्हतं. डिफेंडर बंद नसता तर मी कदाचित हेच सुचवलं असतं. पण संरक्षणाशिवाय मशीन, त्यावर टॅली आणि डिजिटल सही, हे चालणार नव्हतं.

ठरलं ते असं. अवशेष हाताने, एकेक करून काढायचे. हंगाम संपेपर्यंत बँकेचं काम या मशीनवर करायचं नाही, आणि बँक व ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून लगेच बदलायचे. एक अटही लिहून ठेवली: नव्या स्कॅनमध्ये काही जिवंत सापडलं, किंवा काढलेली गोष्ट परत आली आणि ती का आली हे कळलं नाही, तर तिथेच थांबून फॉर्मॅट. ही अट कामाला येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आधी नकाशा

पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. जुनी डिस्क आणि मधूनमधून जाणारी वीज यामुळे यात बराच वेळ गेला, पण हे न करता पुढचं काहीच केलं नसतं. टॅलीचा बॅकअप वेगळा घेतला.

मग स्कॅनरचे लॉग वाचले. क्वारंटाइन रिकामा झाला तरी लॉग बहुधा राहतात, आणि ते कुणी उघडत नाही. कुठल्या फोल्डरमधून कोणती फाइल काढली हे त्यात ओळीओळीने असतं. म्हणजे उरलेल्या नोंदी कुणाला बोलावत असतील त्याची ती यादीच. स्कॅनरने सोळा फाइली तीन फोल्डरांतून नेल्या होत्या, आणि पुढे सापडलेली प्रत्येक मेलेली नोंद त्या तीनपैकी एकीकडे बोट दाखवत होती. चौथीकडे बोट दाखवणारी सापडली असती तर चिंता होती.

मालवेअर खरंच गेलं का, हे पाहायला मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर दुसऱ्या मशीनवर उतरवून आणला. तो इन्स्टॉल करावा लागत नाही, फुकट आहे, आणि उतरवल्यापासून दहा दिवसच चालतो. म्हणून जुना पेनड्राइव्हवरचा वापरू नये. काही निघालं नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडेही अशी फुकट साधनं मिळतात. हे केंद्र सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलं, पण आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये ती साधनं क्वचित दिसतात.

मेलेल्या नोंदी

यासाठी ऑटोरन्स. सिसइंटर्नल्सचं हे साधन २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे आणि मशीन सुरू होताना जे जे चालतं ते सगळं एका यादीत दाखवतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवल्या की यादी आटोक्यात येते. फाइल सापडत नाही अशा नोंदी पिवळ्या दिसतात. रोजची पाटी 'टास्क शेड्युलर'मधल्या एका कामातून येत होती. नाव कुठल्याही अपडेटसारखं, सभ्य. इथे एक धोक्याची सूचना. अशा नोंदीत 'रनडीएलएल३२' ही विंडोजची खरी फाइल दिसते आणि लोक तिच्यावरच उठतात. ती फक्त हमाल आहे. काढायची ती तिला दिलेल्या डीएलएलची, म्हणजे तिने चालवायच्या फाइलीची, नोंद.

एकही नोंद थेट पुसली नाही, आधी टिक काढून मशीन पुन्हा सुरू केलं. टिक काढलेली नोंद परत लावता येते, पुसलेली येत नाही.

याच यादीत गुलाबी रंगात, म्हणजे सही नसलेली, एक अनोळखी फाइल होती. नाव निव्वळ चार अक्षरं, जागा 'सी' ड्राइव्हच्या मुळाशी, प्रकाशक कोरा. मालवेअर दिसावं तसं सगळं. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो दादा, तो काटा आहे!" दोन्ही स्कॅनरनी सुदैवाने तिला हात लावला नव्हता. फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवली आणि डिफेंडरच्या अपवादांत तिची नोंद नंतर केली.

प्रॉक्सी सेटिंगमधून बंद केली, आणि विंडोजच्या सेवा वापरतात ती दुसरी प्रॉक्सीही 'नेटएसएच'च्या आज्ञेने पुसली. पहिलीवर थांबलं तर ब्राउझर चालतो आणि अपडेट अडून बसतात. ड्रायव्हर अपडेटरसाठी एक साधी गोष्ट कामी आली. नव्या सेटिंगमध्ये अनइन्स्टॉल दाबून काही होत नसलं, तर जुन्या कंट्रोल पॅनेलच्या यादीतून करून पाहावं. अनइन्स्टॉलर सापडला नाही की विंडोज तिथे विचारतं, 'आधीच काढलेला असावा; यादीतून नाव काढू का?' हो म्हटलं, गेलं. लोक यासाठी रजिस्ट्रीत तासभर फिरतात.

परत आलेलं धोरण

क्रोमचं धोरण रजिस्ट्रीतल्या 'पॉलिसीज' शाखेत होतं. एक एक्स्टेंशन जबरदस्तीने बसवण्याची नोंद त्यात होती, म्हणून ते ब्राउझरमधून काढताच येत नव्हतं. शाखेची प्रत घेऊन ती पुसली. क्रोम सुधारला. मशीन पुन्हा सुरू केलं, तर 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' हजर.

ठरलेली अट आता समोर उभी होती. काढलेली गोष्ट परत आली होती. काका मागेच उभे राहून बघत होते. म्हणाले, "बांडगूळ वरच्या वर तोडलास तर परत फुटताच. खांदीच कापूक व्हयी."

फांदी कुठली हे आधी शोधायचं होतं. रजिस्ट्रीतली धोरणं परत लिहू शकणारी दोन माणसं असतात: चालू असलेला एखादा छुपा प्रोग्राम, किंवा खुद्द विंडोज. विंडोजकडे 'ग्रुप पॉलिसी' नावाची सोय आहे. कचेऱ्यांत शंभर मशीनवर एकच नियम लावायला ती वापरतात, आणि तिचे नियम 'सिस्टम३२' मधल्या 'ग्रुपपॉलिसी' फोल्डरात 'रजिस्ट्री.पोल' नावाच्या फाइलीत असतात. मशीन सुरू होताना विंडोज प्रामाणिकपणे ती वाचून रजिस्ट्रीत लिहितं. मालवेअरने नियम तिथे पेरला होता आणि स्कॅनरने ती फाइल तशीच सोडली होती. तिची तारीख संसर्गाच्या दिवसाची निघाली.

तारीख खोटी करता येते, तेव्हा तेवढ्यावर विसंबलो नाही. हे मशीन कुठल्या डोमेनला, म्हणजे कचेरीच्या नेटवर्कला, जोडलेलं नव्हतं, घरात कुणी कधी पॉलिसी लावलेली नव्हती. म्हणून पूर्ण फोल्डरचं नाव बदललं, रजिस्ट्रीतली शाखा पुन्हा पुसली आणि मशीन रात्रभर इंटरनेटसकट चालू ठेवलं. छुपा प्रोग्राम असता तर त्याने फाइल पुन्हा तयार केली असती. सकाळी फोल्डर नव्हता, धोरण नव्हतं. अट मोडली नाही, कारण ती 'का परत आली हे कळलं नाही तर' अशी होती. ती केवळ 'परत आली तर' अशी लिहिली असती, तर एका फाइलपायी फॉर्मॅट झाला असता.

अँटिव्हायरसचे ड्रायव्हर

'एफएलटीएमसी' ही आज्ञा विंडोजमधल्या फाइल-फिल्टर ड्रायव्हरांची यादी देते. प्रत्येकापुढे 'अल्टिट्यूड' म्हणून एक आकडा असतो, आणि ३,२०,००० ते ३,२९,९९८ हा पट्टा अँटिव्हायरससाठी राखलेला आहे. डिफेंडरचा स्वतःचा ३,२८,०१० वर बसतो. त्या पट्ट्यात जुन्या अँटिव्हायरसचे दोन ड्रायव्हर अजून बसलेले दिसले. शिवाय विंडोजच्या सिक्युरिटी सेंटरमध्ये त्याची नोंद जिवंत होती, त्यामुळे 'दुसरा पहारेकरी आहे' असं समजून डिफेंडर बाजूला राहत होता.

इथे सगळ्यात मोठा मोह असतो त्या दोन ड्रायव्हरांच्या .एसवायएस फाइली पुसण्याचा. करू नये. काही ड्रायव्हर डिस्कच्या किंवा कीबोर्डच्या साखळीत 'अपर फिल्टर' म्हणून नोंदलेले असतात. नोंद राहिली आणि फाइल गेली, तर ते उपकरणच सुरू होत नाही. आणि उपकरण डिस्क असेल तर विंडोजही उठत नाही. पेनड्राइव्हवरून फोल्डर उडवणाऱ्याने 'ड्रायव्हर्स'ला हात लावला नाही, हे नशीब.

कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरायचं की तोच अँटिव्हायरस त्याच्यावर पुन्हा बसवून मग रीतसर काढायचा, हा खरा निर्णय होता. दुसरा मार्ग ऐकायला उलटा वाटतो, पण गेलेला अनइन्स्टॉलर त्याने परत येतो आणि पुष्कळदा काम फत्ते होतं. मात्र त्याच आवृत्तीची फाइल हवी, आणि मुदत संपलेल्या जुन्या आवृत्तीची मिळणं कठीण. म्हणून आधी टूल. जवळपास प्रत्येक अँटिव्हायरस कंपनी असं टूल फुकट देते. ते कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं, कारण 'अमुक काढण्याचं टूल' या नावाने सापळे भरपूर आहेत, आणि हे प्रकरण सुरूच तशा एका सापळ्याने झालं होतं.

शिफ्ट दाबून रीस्टार्ट, तिथून सेफ मोड (मोजक्याच गोष्टींसह सुरू होणारं विंडोज), टूल, पुन्हा रीस्टार्ट. ज्यांच्या मशीनवर डिस्क एन्क्रिप्शन आहे त्यांनी आधी रिकव्हरी की हाताशी ठेवावी. इथे ते नव्हतं. सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सेवा एरवी चालत नाही, म्हणून त्या सेवेने (एमएसआय फाइलीतून) बसवलेली सॉफ्टवेअरं तिथे साध्या अनइन्स्टॉलने निघत नाहीत. कंपनीच्या टूलला ही अडचण येत नाही. टूलनंतर 'एफएलटीएमसी'च्या यादीत त्या पट्ट्यात डिफेंडर एकटा उरला आणि न सांगता सुरू झाला.

निष्पत्ती

पाटी बंद, इंटरनेट पूर्ववत, क्रोम मोकळा, डिफेंडर चालू. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅनही मग करून घेतला. तो विंडोज उठण्यापूर्वी चालतो, त्यामुळे लपलेलं काही असलं तर त्याला लपायला जागा कमी. काही निघालं नाही. लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून घेतला आणि मग कळलं की मूळ बिघाड ड्रायव्हरचा नव्हताच, यूएसबीची वायर उंदराने कुरतडली होती.

'प्रोग्रामडेटा'मध्ये दोन रिकामे फोल्डर आणि रजिस्ट्रीत त्या अँटिव्हायरसच्या नावाच्या काही निरुपद्रवी नोंदी तशाच सोडल्या. त्या कुणाला बोलावत नाहीत, कुणी त्यांना वाचत नाही. शंभर टक्के स्वच्छतेच्या नादात चांगली मशीनं बिघडतात.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर नवी एसएसडी टाकून विंडोज नव्याने घातलंच. बँकेचं काम त्यानंतर त्या मशीनवर परत आलं. प्रोसेसर जुना असल्याने विंडोज ११ अधिकृतपणे बसत नव्हतं, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. तेव्हा पुढच्या हंगामाआधी मशीन बदलायचं, हे काकांनी खर्चाच्या वहीत लिहून ठेवलं.

वेगळं काय करता आलं असतं

वापराचं खातं अॅडमिनचं होतं. साधं खातं असतं, तर ती फाइल चालवताना अॅडमिनचा पासवर्ड मागितला गेला असता आणि वहिनी बहुधा तिथेच थबकल्या असत्या. आता दोन खाती आहेत. मुदत संपलेला अँटिव्हायरस मुदत संपली त्या आठवड्यात, त्याचा अनइन्स्टॉलर धड असताना काढला असता, तर अर्धं प्रकरण घडलंच नसतं.

स्कॅनर आधी की अनइन्स्टॉल आधी, यावर दुरुस्तीवाल्याशी नंतर फोनवर चर्चा झाली. त्याचं म्हणणं, मालवेअरचा अनइन्स्टॉलर चालवणं म्हणजे चोरालाच किल्ली देणं. तो आणखी काही उतरवू शकतो. हे खरं आहे. माझं म्हणणं, 'ड्रायव्हर अपडेटर' छापाची जी सॉफ्टवेअरं उघडपणे यादीत येतात, ती इंटरनेट तोडून आधी रीतसर काढावीत आणि मग स्कॅन करावा. स्कॅनर फाइली नेतो, नोंदी मागे सोडतो. अनइन्स्टॉलर दोन्ही नेण्याची शक्यता जास्त. जे यादीतच येत नाही, त्याच्यासाठी थेट स्कॅनर. त्याला हे अर्धंच पटलं. क्वारंटाइन मात्र काम पूर्ण झाल्याची खात्री होईपर्यंत रिकामा करायचा नाही, यावर आमचं लगेच एकमत झालं.